वजावट, मजुरा आणि कबज : जावळी प्रांतावरून मराठी महसुली हिशेबाचा एक विचार

१

मराठी राज्याच्या महसुलाचा अभ्यास करताना आपले लक्ष सामान्यतः आकारणीकडे जाते. जमिनीची प्रतवारी कशी होई, राजभाग किती असे, चौथाई व सरदेशमुखी कोणत्या बेरजेवर बसे, या प्रश्नांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. त्या मानाने आकारलेल्या रकमेतून वजा काय होत असे आणि ती वजावट कोणत्या पुराव्यावर मान्य केली जाई, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक कोणत्याही कराचा खरा भार आकारणी व वजावट या दोहोंच्या मेळातून ठरतो. ठरीव बेरीज कागदावर तशीच राहून वजावटीची बाब वाढली की सरकारचे उत्पन्न घटते. आणि वजावटीच्या नावाखाली रयतेकडून अधिक उगवणी होऊ लागली की बेरीज न वाढताही रयतेचा भार वाढतो. प्रस्तुत लेखात या वजावटीच्या पुराव्याचा विचार करावयाचा आहे.

विवेचनाला भूमीचा आधार असावा म्हणून मेढा व त्याच्या भोवतालचा जावळी प्रांत डोळ्यांसमोर ठेवला आहे. मेढा हे साताऱ्याच्या वायव्येस वेण्णेच्या खोऱ्यात वसलेले गाव असून जावळी तालुक्याचे ते मुख्य ठाणे आहे. या प्रांताने अनेक अमदानी पाहिल्या. आदिलशाहीतील चंद्रराव मोऱ्यांची सत्ता, १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी घेतलेला ताबा, पुढे साताऱ्याच्या गादीचा व पेशव्यांचा अंमल, १८१८ नंतर प्रतापसिंह महाराजांचे राज्य, आणि १८४८ मध्ये शहाजीराजे औरस संततीवाचून निवर्तल्यावर इंग्रजांनी केलेली खालसा, इतकी स्थित्यंतरे या एका खोऱ्याने अनुभवली. राज्ये बदलली तरी पाटील, कुलकर्णी व त्यांचे दप्तर ही गावची यंत्रणा पुष्कळ काळ तीच राहिली. म्हणून राज्यकर्ता बदलल्यावर कागदाचे मोल कसे बदलते, हे पाहण्यास हा प्रांत सोयीचा आहे. मेढ्याच्या एखाद्या विशिष्ट दप्तराचे संपादन करणे हा येथे हेतू नाही. सर्व मराठी मुलखात रूढ असलेली पद्धत अशा डोंगरी प्रांतात कोणत्या अर्थाने महत्त्वाची ठरते, एवढेच पाहावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी हिशेबात ‘वजा’, ‘मजुरा’, ‘कबज’, ‘रसीद’, ‘फारखती’ हे शब्द वारंवार येतात. त्यांतील बहुतेक अरबी-फारसी मुळाचे आहेत. शिवकाळात रघुनाथ हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करून राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तथापि जमाखर्चाच्या परिभाषेवर त्याचा परिणाम फारसा टिकला नाही. हिशेबनीस आपल्या हाताला वळण पडलेले शब्द सहसा सोडीत नाहीत.

‘वजा’ म्हणजे मूळ रकमेतून बाजूला काढून ठेवलेली रक्कम. ‘मजुरा’ किंवा ‘मुजरा’ म्हणजे दुसऱ्याने केलेला खर्च त्याच्या देण्यात जमा धरणे. दरबारात केला जाणारा मुजरा आणि हिशेबात पडणारा मजुरा ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. ‘कबज’ म्हणजे रक्कम हाती आल्याचा लेख. ‘फारखती’ म्हणजे सर्व देणेघेणे फिटून मोकळीक मिळाल्याचा लेख. ‘रसीद’ हा शब्द फारसीतील ‘पोचणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि आपला ‘पावती’ हा शब्दही ‘पावणे’ म्हणजे पोचणे यावरूनच सिद्ध झाला आहे. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहिली : पैसा निघाला एवढ्याने भागत नाही, तो पावला पाहिजे, आणि पावल्याची खूण देणाऱ्याच्या हाती राहिली पाहिजे.

३

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. गावच्या वार्षिक ताळेबंदाची मांडणी सामान्यतः अशी असे. आरंभी गावाचे नाव व मृगापासून सुरू होणारे सुहूर अथवा फसली सन. त्यानंतर गावची एकंदर बेरीज. तिच्याखाली ‘पैकी वजा’ म्हणून वजावटीच्या बाबी : इनाम जमिनी, देवस्थानाची नेमणूक, हक्कदारांचे हक्क, पडीत व खराबा, तहकुबी, गावखर्च इत्यादी. वजा जाता राहिलेली बाकी म्हणजे सरकारात भरावयाची रक्कम. ती कोणत्या हप्त्यास किती भरली हे त्याखाली येई आणि शेवटी येणे शिल्लक राही.

केवळ उदाहरणासाठी एक कल्पित गाव घेऊ. बेरीज ४०० रुपये. पैकी इनाम ३०, देवस्थान १२, गावखर्च १८, मिळून वजा ६०. बाकी ३४० रुपये. या हिशेबात ४०० चा आकडा पूर्वीच ठरलेला आहे. सरकार व गाव यांच्यात वादाचा विषय होऊ शकतो तो ६० चा आकडा. म्हणून दप्तरातील कागदांचा मोठा भाग या लहान आकड्याभोवती जमलेला दिसतो.

वजावट मान्य होण्यास दोन प्रकारचे लेख लागत. पहिला अधिकाराचा लेख. सरकारातून एखाद्या देवस्थानास, विद्वान ब्राह्मणास अथवा सेवकास वर्षासन नेमून दिले की त्याची सनद मामलतदाराच्या नावे निघे. आणि अमुक गावच्या वसुलातून ही रक्कम पावती करावी, म्हणजे ती हिशेबी मजुरा पडेल, अशी आज्ञा तीत असे. एकदाच द्यावयाची रक्कम असेल तर गावावर वरात होई. दुसरा लेख प्रत्यक्ष पोचल्याचा. रक्कम घेणाऱ्याकडून पावल्याचे कबज घ्यावे, असे सनदेतच बजाविलेले असे. सनद असून कबज नसेल तर खर्च करण्याचा अधिकार सिद्ध होई, खर्च सिद्ध होत नसे. कबज असून सनद नसेल तर पैसे दिले हे खरे, पण सरकारच्या पैशातून देण्याची मुभा होती असे ठरत नसे. दोन्ही एकत्र आले म्हणजेच मजुरा.

सनदांतील आणखी एक नित्याची आज्ञा या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. दरसाल नव्या सनदेची मागणी करू नये, या लेखाची नक्कल उतरून घ्यावी आणि अस्सल सनद भोगवटादारास परत द्यावी, असे तीत सांगितलेले असते. या एका वाक्यात पुराव्याची व्यवस्था सामावली आहे. अस्सल लेख ज्याच्या हिताचा त्याच्यापाशी, नक्कल मामलतीच्या दप्तरी, आणि दरवर्षीची कबजे हिशेबासोबत; असे तीन ठिकाणी पुरावे राहिल्याने एक नष्ट झाला तरी इतरांवरून त्याची शहानिशा होऊ शके.

४

हा पुरावा तपासणारी यंत्रणाही तितकीच काळजीपूर्वक उभारलेली होती. मामलतदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार इत्यादी दरकदार असत. मुजुमदार हिशेब पाहून मान्य करी, त्यानंतर तो फडणिसाकडे जाई. फडणीस रोजकीर्द लिही. दफ्तरदार तिच्यावरून खतावणी करून दरमहा तिची तेरीज हुजुरास पाठवी. पोतनीस वसुलाची व रोख शिलकेची नोंद ठेवी, तर पोतदार नाणे पारखी. हे दरकदार मामलतदाराने नेमलेले नसत व त्याला त्यांना काढताही येत नसे. त्यामुळे खर्च करणारा एक, लिहिणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा अशी विभागणी झाली होती. याखेरीज देशमुख-देशपांडे यांच्यापाशी परगण्याचे जुने हिशेब असत व मामलतदाराचा हिशेब त्यांच्याशी ताडून पाहता येई. पुण्यास हुजूर दफ्तर असे. त्यातील एकबेरीज दफ्तरात सर्व खात्यांच्या हिशेबांचे एकीकरण होई.

ही रचना पाहिली म्हणजे कागद सांभाळण्याची सक्ती केवळ गावच्या पाटलावर नव्हती, असे दिसून येईल. पाटलाला मामलतदारापुढे, मामलतदाराला हुजुरापुढे आपली वजावट शाबीत करावी लागे. कबज हा त्या साखळीतील प्रत्येक दुव्याचा स्वतःच्या बचावाचा लेख होता.

जावळीसारख्या प्रांतात याचे महत्त्व विशेष असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. डोंगरउतारावर नाचणी व वरी, खाचरांत भात, बाकी रान. अशी येथील शेती. गावे लहान व विखुरलेली. मोठ्या बागाईत गावाला देवाचा दिवाबत्तीचा खर्च, उत्सव, गावच्या सेवकांचे हक्क हे जड जात नाहीत. परंतु लहान गावाची बेरीजच थोडी असल्याने हे ठरीव खर्च तिच्या मोठ्या भागावर हक्क सांगतात. शिवाय प्रतापगडासारखा किल्ला व तेथील भवानीचे देवस्थान याच डोंगराळ मुलखात असल्याने राज्याचे लक्ष व राज्याचा खर्च दोन्ही येथे पोचत होते. अशा ठिकाणी पाचदहा रुपयांचे एक कबज गहाळ होणे ही गावाच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हे. तेवढी रक्कम पुन्हा भरावयाची, आणि ती कोठून आणावयाची, हा प्रश्न पाटलापुढे उभा राही. त्याचे उत्तर अखेर रयतेवरील पट्टीतच सापडे.

५

येथवर वर्णिलेली व्यवस्था वाचून ती निर्दोष होती असा समज होण्याचा संभव आहे. परंतु तिचा एक मोठा दोष माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी ऑक्टोबर १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात नोंदविला आहे. गावखर्चाच्या बाबींत देवस्थान, दानधर्म, सेवकांचे वेतन यांसारखे नेमस्त खर्च असत. त्याखेरीज ‘सादिलवार’ या सदरात वरकड खर्च पडत. यांच्याच बरोबरीने ‘दरबार खर्च’ अथवा ‘अंतस्थ’ या नावाची एक बाब होती. दरबारातील कारभारी व हिशेब तपासनीस यांना गुप्तपणे द्यावयाच्या रकमेसाठी ती आरंभी निर्माण झाली. कालांतराने ही गुप्त देणगी ठरीव दस्तुरी बनली आणि इतर खर्चाप्रमाणे तिचाही हिशेब तपासला जाऊ लागला. पण खऱ्या लाचेची गरज संपली नव्हती. तेव्हा तिच्यासाठी पुन्हा निराळी उगवणी सुरू झाली. या नाजूक बाबीत तपासनीस फार खोल शिरत नसल्याने मामलतदाराने त्याहून अधिक वसूल करून तो स्वतःकडे ठेवावा, हेही ओघाने आले.

हे वर्णन एका परकीय अधिकाऱ्याने जिंकलेल्या राज्याविषयी केलेले आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे. जित राज्याची व्यवस्था सदोष ठरविण्यात विजेत्याचा स्वार्थ असतो. तथापि एल्फिन्स्टनने याच अहवालात ग्रामसंस्थेची व पूर्वीच्या कारभाराची मोकळेपणाने प्रशंसाही केली आहे. आणि ‘अंतस्थ’ ही संज्ञा तर मराठी कागदांचीच आहे. म्हणून त्याचे हे निरीक्षण सर्वस्वी नाकारता येत नाही.

या निरीक्षणातून पुराव्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. या हिशेबांत एकही कागद बनावट असण्याचे कारण नव्हते. बाब रूढ होती, रक्कम लिहिलेली होती, तपासनिसाची मान्यता होती. दोष होता तो बाबीच्या मूळ अधिकारात आणि तपासणाऱ्याच्या हितसंबंधात. जो तपासणार त्यालाच त्या बाबीतून वाटा मिळत असेल, तर सनद व कबज यांची जोडी कितीही व्यवस्थित असली तरी ती सत्याची ग्वाही देऊ शकत नाही. वर म्हटल्याप्रमाणे वजावटीस दोन लेख लागत. त्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट, म्हणजे निरपेक्ष ताळा, आवश्यक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती चढत्या बोलीने मक्त्याने देण्यात येऊ लागल्या. मक्तेदाराला हिशेबापेक्षा मक्त्याची रक्कम महत्त्वाची असल्याने हा ताळा नाममात्र उरला. मक्तेदाराने पाटलाला पिळले व पाटलाने रयतेला. दप्तरे लिहिली जात होती, पण त्यांना प्रश्न विचारणारा कोणी उरला नव्हता.

६

या साऱ्यात रयतेच्या हाती कोणता कागद होता? एल्फिन्स्टनच्या वर्णनाप्रमाणे वसुलाच्या वेळी चावडीत पाटील बसे, महार रयतेस बोलावून आणी, पोतदार नाणे पारखून घेई आणि कुलकर्णी रक्कम पोचल्याची पावती देई. म्हणजे रयत अगदीच निष्पुरावा नव्हती. पण ही पावती रक्कम दिल्याची ग्वाही देई. ती रक्कम मागण्याचा अधिकार होता की नाही, हे ती सांगत नसे. वरील कल्पित गावाचेच उदाहरण पुढे चालविले तर असे दिसेल : गावाची बेरीज ४०० असून अंतस्थासाठी २५ रुपयांची पट्टी बसली आणि ती रयतेने भरली, तर रयतेपाशी ४२५ रुपयांच्या खऱ्या पावत्या असतील. सरकारी हिशेबात मात्र ४०० च दिसतील, आणि तोही हिशेब मोडी लिपीत, कुलकर्ण्याच्या घरी, रुमालात बांधलेला. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून पाहण्याची सोय कुळाला नव्हती. वजावटीची सारी परीक्षा गावापासून वर हुजुराकडे जाणारी होती. गावाकडून खाली कुळाकडे ती येत नव्हती.

साताऱ्याच्या राज्यात १८१८ ते १८२२ या काळात ग्रँट डफने कारभाराची घडी बसविली व १८२२ मध्ये प्रतापसिंह महाराजांनी ती आपल्या हाती घेतली. तथापि कूळ व सरकार यांचा थेट हिशेब हा प्रकार खऱ्या अर्थाने आला तो पुढे, रयतवारी पाहणीच्या पद्धतीने. या पद्धतीत प्रत्येक सर्व्हे नंबराचा आकार ठरला व तो खातेदाराच्या नावे लागला. गावखर्च वसुलातून वजा करण्याचा मार्ग बंद होत गेला. स्थानिक कामांसाठी १८६९ च्या कायद्याने निराळा लोकल फंड उपकर आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने तर रक्कम घेणाऱ्याने लेखी पावती देणे बंधनकारक केले आणि न दिल्यास दंड ठेवला. खातेदाराला आपला ठरीव आकार माहीत असल्याने पावतीवरील आकडा त्याच्याशी ताडणे त्याला प्रथमच शक्य झाले. या पद्धतीने त्याच्यावर रोख रकमेत, ठरलेल्या तारखेस, पीक कसेही असले तरी भरण्याचा जो जाच आणला तो निराळा. तो विसरून केवळ पावतीची स्तुती करणे उचित होणार नाही.

७

इंग्रजी अमदानीत जुन्या वजावटीच्या कागदांना एक अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी सुरू झाली. माफीचा दावा करणाऱ्याने आपला हक्क सिद्ध करावयाचा होता. त्यासाठी सनद, अखंड भोगवटा आणि पूर्वीच्या सरकारी हिशेबातील नोंदी यांचा विचार होई. जी जमीन जुन्या ताळेबंदात ‘पैकी वजा, इनाम’ अशी दाखविलेली सापडे, तिच्या धारकास आधार मिळे. एका वर्षाचा हिशेब मिटविण्यासाठी कुलकर्ण्याने लिहिलेली ओळ दोन पिढ्यांनी एखाद्या घराण्याच्या उपजीविकेचा पुरावा ठरली. उलट, ज्यांनी अस्सल सनद वाळवी, आग अथवा भाऊबंदकीत गमावली, त्यांना खरा हक्क असूनही तो सांगणे कठीण झाले. या चौकशीने दक्षिणेत पसरलेला असंतोष सर्वश्रुत आहे. १८६३ च्या कायद्यांनी ठरीव दराने तडजोड करून हा प्रश्न बव्हंशी मिटविण्यात आला.

येथे पुराव्याच्या ओझ्याची दिशा बदललेली दिसते. पेशवाईत अस्सल सनद भोगवटादाराकडे देऊन नक्कल दप्तरी ठेवण्यात परस्परविश्वासाचा भाग होता. नव्या राज्याने त्याच कागदाकडे संशयाच्या दृष्टीने पाहिले. कागद तोच, पाहणारा बदलल्याने त्याचे मोल बदलले.

८

प्राप्तीवरील कर हिंदुस्थानात १८६० मध्ये जेम्स विल्सनने आणला व १८८६ च्या कायद्याने तो कायम झाला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळलेले असल्याने मेढ्याच्या बहुसंख्य घरांना तो दूरचा राहिला; परंतु व्यापारी, सावकार व पुढे नोकरदार यांच्या घरी खर्चाच्या पावत्या सांभाळण्याची नवी निकड त्याने उत्पन्न केली. आजही जुन्या आकारणीची निवड केलेला एखादा शिक्षक आयुर्विम्याच्या हप्त्याची पावती वर्षअखेरीस कचेरीत सादर करतो, तेव्हा तो नकळत पाटलाचेच काम करीत असतो. कायद्यातील तरतूद ही त्याची सनद, पावती हे त्याचे कबज, आणि वजावट हा त्याचा मजुरा.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने या साम्यावर थांबू नये. आपल्यापुढे येणारे ताळेबंद बहुधा वजावट मान्य करून घेण्याच्या हेतूने लिहिलेले असतात. झालेला प्रत्येक खर्च व झालेली प्रत्येक वसुली सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. वाडांनी निवडलेल्या रोजनिशा असोत वा पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल असोत, त्यांतील वजावटीची प्रत्येक बाब वाचताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत : खर्चाचा अधिकार कोणी दिला, रक्कम कोणाला पावली, आणि हे तपासणाऱ्याचा त्यात काय संबंध होता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदातच मिळतात. तिसऱ्याचे उत्तर कागदाबाहेर शोधावे लागते. जावळीच्या डोंगरात ज्या कुळाने पट्टी भरली आणि जिचा मजुरा त्याला कधीच मिळाला नाही, त्याचा इतिहास या तिसऱ्या उत्तरात आहे. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने नष्ट झाली. त्या घराण्यांतून जी दप्तरे अद्याप माळ्यावर पडून असतील, ती वाचताना अशा कुळाच्या पावत्या आणि गावचे ताळेबंद शेजारी मांडून पाहण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. मोडीचा सराव व गणिताची चिकाटी एवढ्याच भांडवलावर ते होण्यासारखे आहे.